लाल पाइपातलं पाणी

तायडे मॅडमच्या शोकसभेत बाबाराव ठोंबऱ्यांनी माइक हातात घेतला आणि सांगितलं, की मॅडम अत्यंत शांत, सोज्वळ आणि मितभाषी होत्या. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. माझं डोकं असं तापलं की शेजारच्या बाईंनी मला पाण्याची बाटली दिली. त्यांना वाटलं, मला दुःख अनावर झालं आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं हे मला कळतं, पण म्हणून भलत्याच माणसाबद्दल बोलावं असं कुठे आहे? बाबाराव ज्या बाईचं वर्णन करत होते तिला मी कधी पाहिलेलं नाही. आमच्या मॅडम शांत नव्हत्या. त्या सकाळच्या चहाबरोबर चिडायला लागायच्या आणि दिवसभर चिडलेल्या असायच्या, आणि हे सगळ्यात जास्त कुणाला ठाऊक असेल तर ते बाबारावांनाच.

म्हणून मीच लिहायला बसले आहे. ज्यांनी मॅडमना पाहिलं नाही त्यांना निदान खरी बाई कळू दे.

अकोल्याला जठारपेठेत एका कापडदुकानाच्या वर मॅडमचं ऑफिस होतं. इमारतींमध्ये आग विझवायच्या पाण्याची व्यवस्था आखून देणं हा त्यांचा धंदा. छताखालून पाइप न्यायचे, प्रत्येक खोलीत फवारे बसवायचे, टाकी आणि पंप किती मोठे लागतील ते ठरवायचं. मी भातकुलीची. डिप्लोमा करून नकाशे काढायची नोकरी शोधत तिथे गेले. मॅडमनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. टेबलाच्या खणातून एक पांढरा सुती दुपट्टा काढला, शेतातली माणसं डोक्याला बांधतात तसला, आणि माझे डोळे करकचून बांधले. मला जागच्या जागी एक फेरा दिला आणि म्हणाल्या, "आता खाली जाय अन पानठेल्यावाल्याले नमस्कार करून ये."

मी हसले. मग कपाटावर आदळले. मग एका खुर्चीवर, मग पुन्हा त्याच कपाटावर. दरवाजा काही सापडेना. शेवटी मॅडमनीच दुपट्टा सोडला. माझा गुडघा सोलवटला होता, आणि दरवाजा माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होता.

"आताच याच दारातून आली ना वो तू?"

"हो मॅडम."

"मंग? डोये गेले तं दार बी गेलं. धूर भरला का मानूस आपल्याच घरात पाहुना होते. हे ज्याले मंजूर नाही त्यानं बंगल्याचे नकाशे काढावं. माह्याकडं येऊ नये." आणि मग विचारलं, "नाव काय तुहं?"

आमच्याकडे उन्हाळ्यात मुली गाडीवर निघताना डोळे तेवढे उघडे ठेवून सगळा चेहरा दुपट्ट्याने बांधून घेतात. मॅडम उलटं करायच्या. चेहरा उघडा ठेवून डोळे बांधायच्या. जो कोणी काम घेऊन येई, मग तो डॉक्टर असो, संस्थाचालक असो की मंगल कार्यालयाचा मालक, त्याच्या जागेवर गेल्यावर त्याला सगळ्यात आतल्या खोलीत नेऊन त्या डोळे बांधायच्या आणि बाहेर यायला सांगायच्या. काहीजण चिडून काम परत न्यायचे. मॅडमना त्याचं काही वाटायचं नाही. वाटायचं ते एवढंच, की तो मालक आता दुसरीकडून स्वस्तात नकाशा काढून घेणार आणि त्या इमारतीत माणसं राहणार. त्या दिवशी त्या जेवायच्या नाहीत आणि आम्हालाही सुखाने जेवू द्यायच्या नाहीत.

मॅडम आधी पॉलिटेक्निकला शिकवायच्या. तिथली एक सवय त्यांनी बरोबर आणली होती, ती म्हणजे हजेरी. कुठल्याही इमारतीत पाणी सोडून चाचणी झाली की त्या तिथल्या सगळ्यांना खाली अंगणात उभं करायच्या आणि खड्या आवाजात नावं घ्यायच्या. मोलकरणीचं नाव, वॉचमनचं नाव, मालकाच्या म्हाताऱ्या आईचं नाव. प्रत्येकाने "हाजर" म्हणायचं. "बाहेर आल्यावर पयलं काम हजेरी. रडनं मंग, सामान मंग, अन आग कशी लागली ते तं लय मंग." मोठमोठ्या माणसांना अंगणात शाळेतल्या पोरांसारखं हाजर म्हणताना मी पाहिलं आहे. लाजायचे, पण म्हणायचे.

लोक त्यांना एक प्रश्न हमखास विचारायचे. आवाज मऊ करून, मान तिरकी करून विचारायचे: मॅडम, तुमच्या घरी असं काही घडलं होतं का? या प्रश्नावर त्या जेवढ्या भडकायच्या तेवढ्या कशावरच नाही. "माह्या घरचं कोनी जयालं पायजे काय? तवाच मले अक्कल यावं असा नियम हाय? सगळे धडधाकट हायत माह्या घरचे. मले लोकाईचे बी धडधाकट पायजेत, म्हनून चिडतो मी." त्यांचे यजमान, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले अगदी गरीब गृहस्थ. ते अशा वेळी मला हळूच म्हणायचे, "चिडली हाय ना? मंग तब्येत बरी हाय म्हनाची."

आता बाबारावांकडे येते.

अमरावतीला बाबाराव ठोंबऱ्यांचा दुमजली बंगला. आजूबाजूला स्पर्धा परीक्षांचे क्लास निघाले, खेड्यापाड्यातून मुली अभ्यासाला यायला लागल्या, आणि बाबारावांनी खालचा मजला स्वतःकडे ठेवून वर मुलींचं वसतिगृह काढायचं ठरवलं. वरच्या दिवाणखान्यात प्लायच्या भिंती घालून चार खोल्या केल्या, दोन बेडरूमच्या चार केल्या, गच्चीवर टिनाचा शेड टाकून त्यातही मुली ठेवायची तयारी केली. प्रत्येक खोलीत प्लायचं कपाट, प्लायचं टेबल, फोमच्या गाद्या, खिडकीत कूलर. आगीची सोय म्हणून जिन्याजवळ वाळूच्या लाल बादल्या टांगल्या होत्या. त्यांत आधीच राहायला आलेल्या मुलींनी उदबत्त्या खोचल्या होत्या. परवानगीसाठी फवारे लागतील असं कुणीतरी सांगितलं म्हणून ते नाइलाजाने मॅडमकडे आले.

मॅडमनी रीतसर त्यांना वर नेलं आणि डोळे बांधले. "घर माह्यं हाय," बाबाराव म्हणाले, "वीट न वीट माह्या डोयासमोर लागली." आणि निघाले. पण त्यांच्या डोक्यात जुनं घर होतं. जिथे मोकळा दिवाणखाना असायला हवा तिथे प्लायची भिंत आली. ते डावीकडे गेले, तिथेही प्लाय. उजवीकडे गेले आणि एका मुलीच्या खाटेवर जाऊन बसले. दुपट्टा काढला तेव्हा त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"हा काय पोरखेळ लावला मॅडम?"

"पोरखेळ तुमी लावला बाबाराव. घराचं वारूळ केलं अन आता तुमालेच वाट सापडून नाही राह्यली. लोकाईच्या पोरी कशा उतरतीन?"

मग भांडण सुरू झालं ते नकाशा पुरा होईपर्यंत चाललं. बाबारावांचं म्हणणं, मधल्या बोळीत दोन फवारे लावा, पुष्कळ झाले. मॅडमचं म्हणणं, प्रत्येक खोलीत एक. "बोळीतलं पानी काय भिंत फोडून आत जाईन?" बाबारावांना धास्ती होती की कुणी साधी काडी ओढली तरी सगळ्या घरात पाऊस पडेल. मॅडमनी त्यांच्या हातावर एक फवारा ठेवला. त्याच्या तोंडाशी काचेची बारकी नळी असते, आत रंगीत द्रव. खालची हवा फार तापली की ती नळी फुटते आणि फक्त त्याच फवाऱ्यातून पाणी येतं, बाकीचे गप्प बसतात. "सिनेमातल्यासारखे सगळे एकदम नाही उडत. ज्याच्या खाली आग, तोच उडते. तुमच्याहून शहाना हाय तो."

मीही बोलणी खाल्ली. गच्चीवरच्या टिनाच्या शेडमध्ये मी फवाऱ्याला नेहमीचीच लाल द्रवाची नळी दाखवली होती. मॅडमनी नकाशा माझ्यापुढे आपटला. "वऱ्हाडातली ना तू? मे महिन्यात टिनाखाली कधी बसली नाही काय? तिथं आग लागाच्या आंधीच नळी फुटन. पिवयी लाव. तिले जास्त ताप सोसते." मी पिवळी लावली.

गच्चीवर एक स्वतंत्र टाकी ठेवली, फक्त आगीसाठी. तिच्यापाशी पंप, त्याला वेगळी वीजजोडणी. घरभर लाल रंगाचे पाइप फिरले. पाइपात पाणी कायम भरलेलं असतं, आणि त्याचा जोर जरा कमी झाला की पंप आपोआप सुरू होतो. चाचणीच्या दिवशी शेवटच्या टोकाचा व्हॉल्व्ह उघडला आणि पाण्याची अशी धार सुटली की समोरच्या घरातले लोक बाहेर आले. मग अंगणात हजेरी झाली. मुली खिदळत हाजर म्हणाल्या. बाबारावही म्हणाले, दात-ओठ खात. परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत मॅडम कुणावरही चिडल्या नाहीत. मला काळजी वाटायला लागली होती.

पुढच्या मे महिन्यात अमरावतीला दुसरं काम होतं. मॅडमना न सांगता जाऊन पाहायची खोड होती, म्हणून आम्ही बाबारावांकडे वळलो. बाहेर अंगार पडत होता. नळाला त्या आठवड्यात पाणी आलेलं नव्हतं, हे गल्लीत शिरतानाच रांगेतल्या प्लास्टिकच्या डब्यांवरून कळत होतं. वर गेलो तर बोळीत एक मुलगी निवांत उभी राहून नळीने कूलरमध्ये पाणी भरत होती. नळी एका पितळी तोटीला जोडलेली होती. आणि तोटी बसवली होती लाल पाइपाला.

मुलीचं नाव पल्लवी. तिचा काही दोष नव्हता. तिने हसून सांगितलं, "मॅडम, लय सोयीचं झालं हे. खालून बादल्या आनाले लागत होत्या. बाबाराव काकाईनं तोटी लावून देल्ली, आता वरच्या वर भरतो सगळ्या जनी."

मॅडम तिला काही बोलल्या नाहीत. सरळ गच्चीवर गेल्या. टाकीचं झाकण काढलं. तळाला गाळ आणि ओंजळभर पाणी. पंपाचं बटण बंद करून त्यावर चिकटपट्टी लावलेली, कारण तोटी उघडली की पंप गरजायला लागायचा आणि खाली बाबारावांची दुपारची झोप मोडायची. मॅडम त्या उन्हात टाकीजवळ उभ्या राहिल्या. तसा संताप मी माणसाच्या चेहऱ्यावर त्याआधी पाहिला नव्हता.

खाली बाबाराव बनियनवर बसले होते. मॅडमनी तोटीचं विचारलं. त्यांनी जराही न लाजता सांगितलं, "मॅडम, एवढं पानी वरतं पडून होतं. इकडं पोरी घामानं भिजून राह्यल्या. मी काय आग लागाची वाट पाहत बसू?"

"हो! तेच कराचं होतं! वाट पाहाची होती!"

"आग तं आली नाही अजून. ऊन रोज येते. कूलर बंद राह्यला तं एखादी पोरगी उन्हानंच जाईन, तवा काय तुमचे फवारे तिले वाचवतीन?"

मला वाटलं होतं, आता बाबारावांची सालटी निघणार. पण त्या माझ्याकडे वळल्या आणि माझ्यावरच ओरडल्या, "आपून कूलरचं पानी कुठून येईन ते पाह्यलंच नाही वो मंदा! पानी डोयापुढं अन तहान दारात. मानूस तोटी लावीनच." आणि मग पुन्हा बाबारावांवर: "पन तुमी पंप बंद केला. तुमाले ठाऊक होतं तो कायले हाय. झोपेसाठी बंद केला तुमी!"

बाबारावांनी यावर पंख्याचा वेग वाढवला. बस, एवढंच. वीसेक मुली डोक्यावर घेऊन झोपणारा माणूस, आणि त्याला पंपाचा आवाज सहन होत नव्हता. मी आजही हे लिहिताना पेन जोरात दाबते आहे.

कूलरसाठी वेगळी टाकी आणि वेगळी निळी लाइन टाका, नकाशा मी आजच देते, असं मॅडम म्हणाल्या. बाबाराव म्हणाले, पुढच्या वर्षी पाहू. मग मॅडम वर गेल्या, हाका मारून सगळ्या मुलींना बोळीत जमवलं आणि चाचणीचा व्हॉल्व्ह उघडला. चाचणीच्या दिवशी ज्यातून धार सुटली होती, त्यातून हवा फुसफुसली, गढूळ पाण्याचे चार थेंब पडले आणि बंद.

"हे पाह्यलं? आज आग लागली तं एवढंच पानी हाय तुमच्या नशिबात. बाकीचं कूलरनं पेलं. तुमी चूक नाही केली, तुमाले कोनी सांगतलंच नाही. आता सांगतलं." मग त्यांनी पल्लवीचे डोळे बांधले, तिला आतल्या खोलीत सोडलं आणि जिना शोधायला सांगितलं. पल्लवी चाचपडत बाहेर आली तेव्हा रडत होती. मॅडमनी तिला जवळ घेतलं नाही. म्हणाल्या, "रडू नोको. चीड. रडून बाबारावाले फरक नाही पडत."

आणि मुली खरोखर चिडल्या. त्या दिवशी वीसेक घरी फोन गेले. भातकुलीकडचे, दर्यापूरकडचे, चांदूरचे बाप दुसऱ्या दिवशीपासून खांद्यावर दुपट्टे टाकून बाबारावांच्या दारात यायला लागले. भांडले नाहीत, फक्त पोरीचं सामान बांधायला आलोय म्हणाले. आठवड्याभरात निळी लाइन झाली, गच्चीवर दुसरी टाकी चढली, लाल पाइपाचं भोक बंद झालं, पंपावरची चिकटपट्टी निघाली. काढलेली पितळी तोटी मॅडमनी मागून घेतली. ती त्यांच्या टेबलावर कागद दाबायला असायची. नवा मालक आला की त्या तोटी त्याच्यापुढे ठेवून विचारायच्या, "तुमच्या घरी कूलर किती?" हे विचारल्याशिवाय त्यांनी पुन्हा एकही नकाशा केला नाही.

गेल्या पावसाळ्यात मॅडमना आजार निघाला, आणि तो बरा होण्यातला नव्हता. हिवाळ्यापर्यंत त्या अंथरुणाला खिळल्या. ऑफिस मी चालवायचे आणि संध्याकाळी जाऊन दिवसभराचं सांगायचे. आवाज बसला होता, तरी चिडायच्या. दादा म्हणायचे, आज दोनदा चिडली, बरं हाय.

अशाच एका दुपारी मला बाबारावांचा फोन आला. फोन कसला, शिव्यांची सरबत्ती. तुमच्या त्या भिकार फवाऱ्याने माझं घर बुडवलं, खालच्या दिवाणखान्याचं पीओपी गळून पडलं, सोफा गेला, प्लाय फुगलं. मी विचारलं, झालं काय? तर एका मुलीने घाईत तापलेली इस्त्री गादीवर ठेवली आणि क्लासला निघून गेली. गादी पेटली. तिच्या डोक्यावरचा फवारा उडाला, पंप सुरू झाला आणि गादी जागच्या जागी विझली. शेजारच्या खोलीत दोघी जमिनीवर गाद्या टाकून झोपल्या होत्या, मध्ये नुसती प्लायची भिंत. त्यांना जाग आली ती दाराखालून आलेल्या पाण्याने. आणि बाबाराव मला पीओपीचं सांगत होते! एक शब्द, एकच शब्द त्या दोघींबद्दल असता तर मी त्यांचे शंभर अपराध विसरले असते. मागून मुलींचाही कालवा ऐकू येत होता. परीक्षा तोंडावर, नोट्स भिजल्या, कुणाचा मोबाइल गेला. धन्यवाद सोडा, त्या मुलीही माझ्या नावाने खडे फोडत होत्या.

मी तशीच मॅडमकडे गेले. सगळं सांगून म्हटलं, "मॅडम, या लोकांसाठी कशाला मरायचं हो आपण? एकालाही काही वाटत नाही."

मॅडमनी डोळे मिटले होते. विचारलं, "जयालं काय?"

"एक गादी."

"हजेरी घेतली?"

मॅडम उशीवरून अर्ध्या उठल्या. "घेतली का नाही? एवढे दिवस माह्यासंग राहून तू हजेरी न घेता आली? लाव फोन."

मी पल्लवीला फोन लावला आणि मोठ्या आवाजावर ठेवला. मॅडमचं नाव ऐकूनही तिकडचा गलका थांबेना. पल्लवी म्हणाली, "मॅडम, सगळ्या लय भडकल्या हायत, नोट्स गेल्या ना."

"भडकू दे. एकेकीले फोनवर आन. नाव सांगा अन मले शिव्या घाला."

आणि खरंच तसं झालं. एकेक मुलगी आपलं नाव सांगून तक्रार करायची. माझे चालू घडामोडींचे कागद गेले. माझी नवी चादर गेली. माझं जर्नल लगदा झालं. प्रत्येकीचं बोलून झालं की मॅडम बसल्या आवाजात म्हणायच्या, "हाजर. पुढची." शेजारच्या खोलीतल्या त्या दोघीही बोलल्या. एक तर तावातावाने म्हणाली, झोपेत अंगावर पाणी आलं, सर्दी झाली तर कोण जबाबदार? मॅडमच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाल्या, "मी जबाबदार. हाजर."

शेवटी पल्लवी म्हणाली, झाल्या सगळ्या.

"रुखसार कुठी हाय? मूर्तिजापूरची?" हजेरीतली नावं मॅडमना पाठ असायची.

पल्लवी गडबडली. सकाळपासून रुखसारला कुणी पाहिलं नव्हतं. मॅडमनी माझा हात धरला. त्या बोटांत एवढा जोर अजून असेल असं मला वाटलं नव्हतं. पल्लवीकडून नंबर घेऊन मी रुखसारला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. मॅडमचा श्वास लागला, दादा धावत आले, आणि मॅडम त्यांच्यावरही खेकसल्या, "तुमी मंधात येऊ नोका!" पुढच्या वेळी फोन उचलला गेला.

"हां, कोन?" मागे बसचा आवाज होता. ती गावी निघाली होती, तिला आगीचा पत्ताही नव्हता.

"तायडे मॅडम बोलतो. शिवी दे मले."

"काय? मॅडम, तुमी? काहून शिवी देऊ? मॅडम, काय झालं?"

"हाजर," मॅडम म्हणाल्या आणि उशीवर टेकल्या. जरा दम घेऊन माझ्याकडे पाहिलं. "सगळ्या हायत. घसे बी शाबूत हायत सगळ्याईचे. तू कायले रडून राह्यली? जाय, त्या बाबारावाले सांग, उडालेला फवारा बदलून घे म्हना. आजच्या आज. अन टाकी भर म्हना."

मी अमरावतीला जाऊन फवारा बदलला, टाकी भरून घेतली, पंप चालवून पाहिला. मॅडम त्यानंतर फार दिवस राहिल्या नाहीत.

तर ही शोकसभा. भाषणं संपली, दोन मिनिटं स्तब्धता झाली. बाबाराव गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आले. चेहरा दुःखी. इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला.

"मंदाताई, फार वाईट झालं. एक विचाराचं होतं. आता मॅडम तं नाही राह्यल्या. ते आगीचं सगळं होऊनबी गेलं एकडाव, आता पुन्हा थोडीच लागते? यंदा ऊन लय हाय म्हनतात. तर त्या लाल पाइपाले एक लहानशी तोटी..."

मी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. पर्स उघडली. ऑफिसच्या खणातला तो पांढरा दुपट्टा मी आदल्या दिवशी धुऊन, घडी करून बरोबर घेतला होता, मॅडमच्या तसबिरीजवळ ठेवावा म्हणून.

"बाबाराव," मी म्हटलं, "डोळे मिटा."

"इथं? एवढ्या लोकाईत?"

"इथंच."

आणि सगळ्या सभागृहादेखत मी त्यांचे डोळे करकचून बांधले.